गोएमोनसारखा वार खरंच जमतो का, आणि ती पांढऱ्या म्यानाची तलवार मागवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'लुपिन द थर्ड' मालिकेतला इशिकावा गोएमोन पाहून तुम्हाला तलवार शिकायची ओढ लागली आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचा वार होतो, तलवार परत म्यानात जाते आणि मग कुठे समोरची मोटार दोन तुकड्यांत अलग होते. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय त्याच्यासारखीच, मुठीपुढे चकती नसलेली, पांढऱ्या लाकडी म्यानातली तलवार तुम्हाला ऑनलाइन स्वस्तात दिसते आहे आणि ती सरावासाठी मागवायची आहे. वय २१, मुक्काम पुणे, अनुभव शून्य.

तलवारीचं उत्तर आधी देतो, कारण त्यात बोटं जायचा धोका आहे. मागवू नका. कारणं खाली सविस्तर लिहितो. नोकरीनिमित्त ओसाकाकडे होतो तेव्हा मी इआइदो शिकलो. म्यानातली तलवार काढताना करायचा वार आणि ती परत म्यान करणं, ही ती विद्या. आता इथे हौशी मुलामुलींना शिकवतो. गोएमोन किंवा दुसरं एखादं ॲनिमे पात्र पाहून आलेला विद्यार्थी मला परका नाही, आणि त्यात कमीपणा मानायचंही कारण नाही. जपानमधल्या दोजोत, म्हणजे सरावाच्या शाळेतही, अशी मुलं येतात. फक्त तुमचा प्रश्न वेगाचा आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि खरी अडचण अशी आहे की पडद्यावर ज्या गोष्टींनी तुम्हाला वेड लावलं त्यातल्या कुठल्या शिकण्याजोग्या आणि कुठल्या निव्वळ चित्रकाराच्या, हे तुम्हाला वेगळं करता येत नाहीये.

आधी हा माणूस कोण ते बघू. मंकी पंच या टोपणनावाने चित्रकथा काढणाऱ्या काझुहिको कातो यांनी १९६७ मध्ये लुपिन नावाच्या चोराची कथा सुरू केली. १९७१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली आणि गोएमोन पाचव्या भागात अवतरला, तोही लुपिनला मारायला. पुढे तो त्याच्याच टोळीत सामील झाला. कथेत तो तेरावा गोएमोन. पहिला इशिकावा गोएमोन इतिहासातला, नामचीन दरोडेखोर. १५९४ मध्ये क्योतोत त्याला कढईत उकळून मारलं. खालून जाळ लावून तापवायच्या जुन्या लोखंडी न्हाणीला जपानी लोक आजही 'गोएमोनबुरो' म्हणतात. म्हणजे ज्याला आपण परंपरानिष्ठ सामुराई म्हणून बघतो त्याचं घराणं चोराचं. तलवार कमरेला लावून फिरण्यावर जपानमध्ये १८७६ मध्येच बंदी आली होती. वाल्थर पिस्तूल बाळगणारा लुपिन आणि त्याचा मॅग्नम रिव्हॉल्व्हरवाला साथीदार जिगेन यांच्या शेजारी हा किमोनो-हाकामा असा जुना जपानी पोशाख घालून गंभीर चेहऱ्याने मांडी ठोकून बसतो, आणि पात्राची सगळी गंमत याच विसंगतीत आहे. त्याच्याकडे तलवारविद्येचं पाठ्यपुस्तक म्हणून बघायला गेलात तर त्याला विनोदासाठी घडवलंय हे विसराल.

आता वेग. नवीन विद्यार्थी गोएमोनच्या उजव्या हाताकडे बघतो. तो हात किती झपकन निघाला, मूठ कशी धरली वगैरे. माझ्या अनुभवात इआइमध्ये ज्याचा उजवा हात फार घाई करतो त्याचा वार हमखास बिघडतो. हिशोब साधा आहे. मध्यम उंचीच्या माणसाला साधारण ७४ सेंटिमीटर पात्याची तलवार देतात. म्यान कमरेला तसंच ठेवून नुसत्या उजव्या हाताने एवढं पातं ओढायला गेलात तर हात सरळ होऊन संपतो आणि टोक अजून म्यानातच असतं. ते उरलेलं अंतर डावा हात भरून काढतो. तो म्यान धरून मागे खेचतो, कंबरपट्ट्याला घासत, पाठीच्या दिशेने. याला सायाबिकी म्हणतात. उजवा पुढे, डावा मागे आणि त्याच क्षणी कंबर उघडते. टोक म्यानाच्या तोंडातून सुटतं तेव्हा हा सगळा ताण एकदम मोकळा होतो. बघणाऱ्याला 'क्षणात निघाली' असं वाटतं ते यामुळे. काढायला सुरुवात केली तेव्हा हात मुद्दाम संथ असतो.

त्याच्याही आधी एक बारीक काम असतं. पात्याच्या बुडाशी पितळेची किंवा तांब्याची एक पट्टी बसवलेली असते, हाबाकी. ती म्यानाच्या तोंडात पाचरीसारखी घट्ट बसते, म्हणून तलवार उलटी धरली तरी पडत नाही. ही पकड डाव्या अंगठ्याने हलकेच चकती ढकलून सोडवायची असते. अंगठा चकतीच्या किंचित आतल्या बाजूला ठेवायचा. बरोबर धारेच्या समोर ठेवला तर पुढे काय होईल ते सांगायला नको. नंतर पातं धार वर ठेवून सरकत येतं आणि शेवटची चार बोटं उरली की डाव्या हाताने म्यान आडवं फिरवायचं, कारण पहिला वार आडवा आहे. अखिल जपान केंदो (बांबूच्या तलवारींचा खेळ) महासंघाने ठरवलेल्या बारा प्रकारांतला पहिला, 'माए', असाच आहे. गुडघे मोडून बसलेले असताना समोरच्याच्या कानशिलाच्या रेषेत एका हाताने आडवा वार, मग तलवार डोक्यावर नेऊन दोन्ही हातांनी सरळ खाली, मग पातं झटकणं, मग म्यान.

गोएमोनचं आणि आमचं इथे फाटतं. त्याचा पहिला आणि एकुलता वार सगळं संपवतो. खऱ्या इआइत तो म्यानातून निघणारा एकहाती वार बहुतेक वेळा फक्त समोरच्याला रोखण्यासाठी असतो. खरा घाव दुसरा, दोन हातांचा. एका हाताने, तेही शरीर अजून उलगडत असताना, खोल कापणं अवघड. दुसरी गोष्ट, गोएमोन तलवार बरेचदा हातात घेऊन फिरतो किंवा खांद्याला टेकवून बसतो. कमरेचा पट्टा नसेल तर म्यान खेचायला आधार राहत नाही. सगळं डाव्या मनगटावर येतं. जमत नाही असं नाही, पण शिकताना ती सवय लागली तर मोडायला महिने जातात.

मग पडद्यावर तो वार इतका पटतो कसा? कारण बहुतेक वेळा तो काढलेलाच नसतो. ॲनिमेमध्ये सेकंदाला २४ चौकटी असतात, पण एकेक चित्र दोन-तीन चौकटी तसंच ठेवतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला आठ-बारा चित्रंच पुरतात. गोएमोन वाकून थांबलेला, हे चित्र लांबवर ठेवलं जातं. मग पांढरी रेघ किंवा चमक. मग पाठमोरा गोएमोन, म्यान होत आलेली तलवार, आणि उशिराने सरकणारे तुकडे. मधला वार आपण आपल्या डोक्यात पुरा करतो. वेग दाखवायला चित्रकाराने चित्रं वाढवली नाहीत, उलट काढून टाकली. तो शेवटचा 'खट्' आवाजही ध्वनिसंयोजकाचा. चांगल्या बसलेल्या म्यानात तलवार शिरते तेव्हा जवळ बसलेल्यालाही फारसं ऐकू येत नाही, आणि दोजोत कुणाचा 'खट्' वाजला की शिक्षक मान वर करतात.

मात्र वारानंतरचं त्याचं वागणं खोटं नाही. तलवार म्यान होत असताना गोएमोनचे गुडघे किंचित वाकलेले असतात, नजर म्यानाकडे नसते, घाई नसते. हे चित्रकारांनी नीट बघून घेतलंय. म्यान करणं, म्हणजे नोतो, ही नवशिक्याची खरी परीक्षा. डाव्या हाताची मूठ म्यानाच्या तोंडाशी, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अगदी थोडी फट. त्या फटीवर पात्याची पाठ टेकवायची, धार बाहेर. पाठ फटीतून सरकवत नेत टोकापर्यंत यायचं आणि टोक आपोआप आत पडलं की म्यान पुढे, तलवार मागे, दोन्ही एकमेकांकडे सावकाश. हे सगळं खाली न बघता, कारण समोर पडलेला माणूस उठू शकतो असं धरून चालायचं असतं. त्या सावधपणाला झांशिन म्हणतात. इआइमध्ये जखमा होतात त्या बहुतांशी इथेच, डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात. एका विद्यार्थ्याने बिनधारेच्या तलवारीच्या नुसत्या टोकाने तिथे चांगलं भोक पाडून घेतलं होतं. धार असती तर टाके नक्कीच पडले असते.

लोखंड कापायच्या बाबतीत फार आशा बाळगू नका. गोएमोनच्या तलवारीचं नाव झान्तेत्सुकेन, लोखंड कापणारी. पहिल्या मालिकेत ती कोतेत्सु, मासामुने अशा नामांकित घडणींचं पोलाद वितळवून केल्याचं सांगितलंय. ऐकायला झकास, पण कुठलाही लोहार कपाळावर हात मारून घेईल. जपानी तलवारीचं तामाहागाने पोलाद वितळवून ओतत नाहीत. तापवून, ठोकून, घड्या घालून ते जोडतात. गाभा मऊ ठेवतात, आणि धारेवर मातीचा पातळ व पाठीवर जाड लेप देऊन पाणी पाजतात. धार कडक आणि पाठ चिवट होते ती यामुळे, आणि पात्याला बाकही त्याच वेळी येतो. सगळं एकत्र वितळवलंत तर हे सगळं पाण्यात. एक गंमत मात्र खरी, कोतेत्सु हा सतराव्या शतकातला लोहार तलवारींकडे वळण्याआधी चिलखतं बनवायचा. आणि लोखंडावर वार करून दाखवल्याची नोंद आहे. साकाकिबारा केनकिची यांनी १८८० च्या दशकात सम्राट मेइजींसमोर लोखंडी शिरस्त्राणावर वार केला आणि पातं आत रुतलं. रुतलं, दोन तुकडे झाले नाहीत. त्या काळच्या नामवंत तलवारबाजाची कमाल एवढी होती, यावरून मोटारीचं काय ते समजा.

आज कापण्याचा सराव करतात तो पाण्यात भिजवून गुंडाळलेल्या ताटामीच्या चटईवर. तिथे ताकद कामाची नसते. पात्याचं प्रतल आणि वाराची दिशा एक असावी लागते, आम्ही त्याला हासुजी म्हणतो. ती जरा चुकली तर चटई अर्धी कापून वाकते, कधी पातंच वाकतं. यावरून कोन्याकूचा विनोद आठवला. झान्तेत्सुकेन सगळं कापते, फक्त कोन्याकू कापत नाही, असं मालिकेत आहे. कोन्याकू म्हणजे आपल्या सुरणाच्या जातकुळीतल्या एका कंदापासून केलेली लिबलिबीत वडी. जपानी घरांत मसाला मुरावा म्हणून ती बरेचदा हातानेच तोडतात. विनोद म्हणून ठीक, पण कापण्याचा सराव केलेला माणूस त्यावर जरा जास्तच हसतो. मोकळी लोंबणारी, मऊ, निसटती वस्तू कापणं ताठ उभ्या वस्तूपेक्षा खरोखर कठीण जातं, कारण ती पात्याबरोबर सरकते.

आता तुमच्या त्या तलवारीकडे. गोएमोनच्या हातात असतं ते शिरासाया. होनोकी नावाच्या मऊ लाकडाचं, रंगरोगण नसलेलं म्यान आणि तसल्याच लाकडाची मूठ. हा तलवारीचा घरात निजवून ठेवायचा पोशाख आहे. चांगलं पातं लाखेच्या म्यानात कायमचं ठेवलं तर ओलावा धरून गंजतं, म्हणून संग्राहक ते शिरासायात ठेवतात. हे म्यान दोन फाका भाताच्या खळीने चिकटवून केलेलं असतं आणि तेही मुद्दाम, म्हणजे आत गंज धरलाच तर फाका उकलून साफ करता याव्यात. वार करताना धरायच्या मुठीला आतून माशाच्या कातडीचं आवरण आणि वरून आवळून विणलेली दोरी असते, लाकूड फुटू नये आणि घामाने हात घसरू नये म्हणून. शिरासायाच्या मुठीला यातलं काही नसतं. पातं मुठीत धरून ठेवायला बांबूची एक खुंटी, मेकुगी. आणि पुढे चकती नाही. जोरात घुसवलेला वार अडला की हात सरळ धारेवर जातो.

मग गोएमोनला ती का दिली? माझा अंदाज असा की सपाट, बिननक्षीची तलवार शेकडो वेळा काढायला सोपी, आणि काळ्या-करड्या पिस्तुलांच्या गर्दीत ती उठून दिसते. तो अंदाज चुकीचा असला तरी एवढं नक्की, की ती निवड दिसण्यासाठी आहे.

हे झालं खऱ्या शिरासायाचं. तुम्हाला स्वस्तात दिसतेय ती याहून वाईट असण्याचा संभव जास्त. भिंतीवर लावायच्या तलवारींमध्ये पातं स्टेनलेस स्टीलचं असतं आणि मुठीत जाणारी शेपटी बोटभर रुंदीची, कधी नुसता वेल्ड केलेला आटा. डोक्यावरून दहा-वीस वेळा फिरवली की तो सांधा थकतो आणि एक दिवस मूठ हातात राहते, पातं खोलीच्या दुसऱ्या टोकाला. विक्रेत्याला खुंटी काढून शेपटीचा फोटो पाठवायला सांगा. देणार नाही.

कायद्याचं पण बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवार येते. तुमच्या भागात घरात ठेवायला परवाना लागतो का, हे जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, ऑनलाइन विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा पाठीवर तलवार अडकवून रिक्षातून क्लासला निघालात तर 'काका, ही ॲनिमेची आहे' हे कुणी ऐकणार नाही. जपानमध्येही खऱ्या पात्याबरोबर नोंदणीचा कागद लागतो. शिकताना तिथेही जवळपास सगळे जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार न लावता येणारी इआइतो वापरतात, ती याच कारणाने.

म्हणजे आतापर्यंतचा हिशोब: काढण्याचा वेग शिकता येतो आणि तो डाव्या हातातून येतो, म्यान करतानाची शांतता शिकता येते आणि तीच सगळ्यात जास्त वेळ खाते, एका वारात मोटार हे चित्रकाराचं, शिरासाया हे कपाटाचं.

पुढे काय करायचं ते तुमच्या परिस्थितीवर आहे. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांचा आणि जपानहून परतलेल्यांचा मोठा गोतावळा आहे. तिथे चौकशी केली तर केंदो किंवा इआइ केलेलं कुणीतरी भेटतं. शिक्षक मिळाला तर तलवारीचं काहीही विकत घेऊ नका, आधी दोन-तीन महिने जा. तो बोक्कुतो, म्हणजे लाकडी तलवार देईल, त्याला प्लॅस्टिकचं म्यानही मिळतं. इआइतो घ्यायची वेळ आली की तुमची उंची आणि हाताची लांबी बघून त्यालाच माप ठरवू द्या, आणि ती बाहेरून मागवली तर सीमाशुल्कवाल्यांना मिश्रधातू आणि धार यांबद्दल समजावत बसायची तयारी ठेवा. शिक्षक गुडघेदुखीबद्दल विचारत नसेल तर तुम्हीच सांगा, कारण अर्धा सराव गुडघ्यांवर आहे. पहिल्या आठवड्यातच धारदार पातं हातात देणारा भेटला तर परत जाऊ नका.

शिक्षक नाहीच मिळाला तर? काही जण सांगतील की मग कोल्हापूरकडे मर्दानी खेळ शिका, तलवार तीच. तलवार ती नाही. मर्दानी खेळात पावलं, फेक आणि अनेकांशी एकट्याने झुंजणं आहे, दांडपट्ट्याला तर कोपरापर्यंत लोखंडी हातमोजा असतो. म्यानातून काढताना वार करायचा हा विचार तिथे केंद्रस्थानी नाही. पण अंग कसं वळवायचं आणि हत्याराची भीड कशी ठेवायची हे तिथे इतकं छान शिकवतात की ते वाया जाणार नाही. मला विचाराल तर घरी व्हिडिओ बघून एकट्याने इआइ करण्यापेक्षा चांगल्या वस्तादाकडे मर्दानी खेळ करणं मी पसंत करेन. जपानची ओढ असेलच तर कधी ओकायामाला जा. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग ज्या शहराच्या मैत्रीत उभी राहिली तेच हे ओकायामा, आणि त्याच प्रांतात ओसाफुने आहे. बिझेन घराण्याचे लोहार तिथले. तिथल्या संग्रहालयात पाती जवळून बघता येतात.

आणि तरीही थोडं काही आजच सुरू करायचं असेल तर प्लॅस्टिकच्या म्यानासकट बोक्कुतो घ्या, पट्टा म्हणून जाड सुती ओढणी कमरेला घट्ट गुंडाळा, आणि फक्त बसून करायचा भाग करा: डावा हात मागे, उजवा सावकाश पुढे, वार करायचाच नाही, परत आत. उभं राहून डोक्यावरून फिरवायच्या आधी खोलीतल्या पंख्याची उंची मोजा. सदनिकेत तो लागतोच.